पाचव्या खांबाची नोंद

नाट्याच्या जुन्या जेटीखाली
ओहोटी लागल्यावर उतरलो.
कालवं खरवडून वीतभर जागा केली,
काँक्रीट घासलं, पुसलं, फुंकलं,
आणि सुपारीएवढा सेन्सर
मेणावर दाबून बसवला.

गेल्या खेपेला चुंबक होतं.
पट्टीवर चुंबक, चुंबकावर सेन्सर,
आलेख इतका देखणा की साहेब खूश.
आठवड्याने कळलं,
ते उजवीकडचं उंच शिखर खांबाचं नव्हतंच,
चुंबक स्वतःच थरथरत होतं.
तेव्हापासून मी मेण बाळगते.

रज्जब होडेकरांनी ट्रॉलर मागे घेतला
आणि आणून टायरांवर आदळला.
धम्.
जेटी केसभर डुलली,
पायांना कळलं, पोटाला कळलं,
पडद्यावर एक मोठी संथ लाट.
बारीक होतं ते टायरांनी गिळलं.
"अजून एक देऊ काय?" त्यांना मजा येत होती.
तीनदा दिला. तीनदा तेच.

बारीक थरथर फार घाईची असते.
सेकंदात दहा हजार वेळा हलते
आणि चार हात जाते न जाते तोच विझते.
ती हवी तर ठोका टणक हवा,
तोकडा हवा,
आणि आपण जवळ.

रात्री राजापूरच्या लॉजवर
नोंदी चाळताना दिसलं,
अकरा बेचाळीसला काहीतरी टोचलंय.
एक. दोन. थांबून पुन्हा एक.
माझी हातोडी तेव्हा पिशवीत,
ट्रॉलर खाडीच्या मध्यावर,
केबल टेपने चिकटवलेली.

मग आठवलं,
गुडघाभर पाण्यात, माझ्याकडे पाठ करून
द्वारका भाबल कालवं काढत होती.
टच्. टच्.
आणि कोयतीच्या प्रत्येक ठोक्यामागून
एक प्रतिध्वनी परतत होता,
यायला हवा त्याच्या फार आधी,
पाण्याच्या रेषेखालून, दीड हातावरून.
तडा.

सकाळी तिला गाठलं.
पाचव्या खांबावर कुठे कुठे मारलंस?
ती म्हणाली, "मी नाय फोडला हां."
नाही गं, तू नाही.
"मग इचारतेस कशाला?"

कोयती मागून घेतली,
मासळीच्या काट्यावर ठेवली:
एकशे नव्वद ग्रॅम, मुठीला दोरी गुंडाळलेली.
वहीत, आघाताचं साधन या रकान्यात,
लिहीत होते, तोवर तिचा हात पुढे.
"दे आता. भरती येतेय."