एकच व्यक्ती

धुळ्याला, सैनिक कल्याणच्या ऑफिसात
कारकून विचारतो, खरं नाव कुठलं?
आधारवर ठगूबाई,
रेकॉर्डात विमल.
तुमच्यामागे पेन्शन घ्यायला
यातली कोण येणार, नायक बडगुजर?

दोन भावंडं गेली, मग ही झाली.
मरणाला ठकवायचं म्हणून ठगू.
नाव लागू पडलं.

विमल माझं काम.
लग्नाची नोंद करताना हवालदार क्लार्क म्हणाला,
बीवी का नाम?
मागे रांग, सगळ्यांचे कान टवकारलेले.
ट्रंकेत तिच्यासाठी घेतलेली साडी होती,
काठाला छापलेलं नाव
सांगून टाकलं.

मग आंतरदेशीय पत्रांवरही तेच.
पारोळ्याचा पोस्टमन तीन दिवस
गल्लीत विमल शोधत फिरला.
शेवटी हीच ओट्यावरून म्हणाली,
आन आठे, मीच शे ती.

तोंडाने कधी हाक मारली नाही,
कागदावरच संसार झाला त्या नावाचा.

आता स्टँपपेपरवर लिहून द्यायचं:
ठगूबाई आणि विमल ही एकच व्यक्ती.
खाली, दुरुस्तीच्या रकान्यात:
विमल हे नाव वगळावे.

‘वगळावे’पाशी पेन अडलं.
ती बाकड्यावर फडकं सोडून बसलेली,
कळण्याची भाकर, वर ठेचा.
एकतीस वर्षं फाईलीत राहिलेलं ते नाव
पहिल्यांदा मोठ्याने घेतलं.
कारकुनाने मान वर केली.
तिने नाही.

सही करी टाका, म्हणाली,
भाकर सुकी ऱ्हायनी.