अर्धा ज

लोअर परळच्या स्टुडिओत एसी एवढा
की गालावरची पावडरसुद्धा गार लागत होती.
मी म्हटलं, आमच्याकडे याहून थंड असतं.
मेकअपवाला जोसेफ म्हणाला, काश्मीर?
नाही, कुलाबा.
पिंपाएवढ्या नळकांड्यात,
निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम अंशाचा शंभरावा भाग.
तो म्हणाला, हनुवटी जरा वर घ्या.

चर्चा सात मिनिटांची, त्यातली दोन जाहिरातींत गेली.
निवेदकानं विचारलं, बँकांचे पासवर्ड कधी फुटणार?
उद्या नाही.
मग किती वर्षांत?
दहा, असं म्हणायची पद्धत आहे.
मी एम.एस्सी.ला होते तेव्हाही दहाच होती.
तो हसला नाही. त्याच्या कानात दुसरंच कुणी बोलत होतं.

बातमी तशी खरी होती.
परदेशातल्या एका गटाला
चुका वाढायच्या आत पकडता आल्या होत्या.
एवढंच.
या ‘एवढंच’पर्यंत यायला माझे केस पांढरे झाले,
हे मला सांगायचं होतं,
आणि त्यासाठी बाबांचं उदाहरण मी टॅक्सीत घोकून आले होते.

बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे.
लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल,
एकदा तर अख्खा कानडी शब्दकोश,
कानडीचं एक अक्षर येत नसताना.
शेवटच्या ओळीपासून वर चढत, उजवीकडून डावीकडे,
लाकडी पट्टी सरकवत.
अर्थ आत शिरला की चूक निसटते, म्हणायचे.
काय छापलंय ते त्यांना कधीच ठाऊक नसायचं.
कुठे बिघडलंय तेवढं कळायचं.

आमचंही तेच.
क्युबिटला विचारायचं नाही, तुझ्या पोटात काय आहे.
विचारलं की तो मोडतो.
मध्ये बसलेल्या तिसऱ्याला विचारायचं,
हे दोघं एकसारखे आहेत का?
हो की नाही, बास.
असल्या हजारो खालमुंड्या प्रश्नांच्या आधारावर
एक न वाचलेलं अक्षर
सेकंदाच्या बारीकशा तुकड्यापुरतं तगून राहतं.
पूर्वी त्याहून कमी तगायचं.
प्रगती म्हणतात ती ही.

माझं वाक्य ‘माझे बाबा गिरगावातल्या’ इथवर आलं
आणि निवेदक म्हणाला, फारच रंजक, मॅडम,
घेऊया एक छोटासा ब्रेक.
ब्रेकनंतर सोन्याचा भाव होता.
जोसेफनं ओला रुमाल दिला.
पुसलं तरी कानामागे थोडी पावडर राहिलीच.

दहिसरला पोचले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.
बाबा जागे.
त्यांना आता ऐकू येत नाही, टीव्ही मुकाच चालू असतो.
कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे
त्यांनी पडद्यावरची पट्टी पेन्सिलीनं उतरवून घेतली होती :
डॉ. हेमांगी किर, क्वांटम तज्ञ.
समासात दोन खुणा,
हात थरथरतो तरी जागच्या जागी.
कीर दीर्घ, म्हणाले.
आणि तज्ज्ञमधला अर्धा ज खाल्लाय त्यांनी.

बाकी ठीक? मी ओरडून विचारलं.
बाकी मी वाचलं नाही,
म्हणाले,
आणि वरणावरचं झाकण काढलं.