थंडीत ठेवलेला फ्रीज

ग्लदानीतल्या त्या इमारतीची लिफ्ट
नाणं गिळल्याशिवाय हलत नाही.
वीस तेत्री टाकले, हत्यारांची पेटी पायाशी घेतली.
नवव्या मजल्यावर त्सिउरीबाई दारातच उभ्या:
"मेला तो. हूं नाही की चूं नाही."

मेलेला फ्रीज मला वासावरून कळतो.
हा जिवंत होता.
बाल्कनीत काचांच्या आड,
लसणाच्या माळा आणि एक सायकल यांच्यामध्ये
रुसलेल्या जावयासारखा उभा.
खालच्या कप्प्यातून पाण्याचा ओघळ
आणि आत तीनशे खिंकाली,
म्हणजे आता कणकेचा एकच गोळा.

सुरुवात नेहमीच्या ठिकाणापासून.
दाराच्या रबरात पाच लारीची नोट धरली,
दार लावून ओढली. निघेना. पकड शाबूत.
मागची जाळी पाहिली: मांजराचे केस, कुणाचं तरी बटण.
ब्रशने झाडून काढली.
पाणी जायच्या भोकात तार घातली,
तर एक वाटाणा बाहेर आला,
कुठल्या सालचा कोण जाणे.
वरचं दार उघडलं की दिवा लागतो, म्हणजे वीज पोचते आहे.
मग पाठीला कान लावला.
आत कुणीतरी हाक मारायची वाट पाहत बसलंय
एवढंच ऐकू आलं.

"इथे कधी आणला?"
"नोव्हेंबरात. म्हटलं, इथे आयता गारवा,
त्यालाही जरा विसावा, बिलही कमी."
स्वयंपाकघरात त्याच्या जागी आता खाट.
खाटेवर त्यांचा झाझा, भिंतीकडे तोंड करून.
पोलंडहून आल्यापासून असाच.
"जेवतो," त्या हळूच म्हणाल्या, "मागत काही नाही."

वरच्या कप्प्यात पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवला
आणि मुरंब्याबरोबर चहा घेतला.
पारा चारावर.
बाल्कनीतल्या खिळ्याला टांगलेला, तोही चारावर.

हे समजावताना मी दर खेपेला अडखळतो.
"बाई, याला नाडी एकच, तीही वरच्या मजल्यावर.
ती विचारते, गरम होतंय का?
बाल्कनी सांगते, छे, झकास गार आहे.
मग मशीन कशाला उठेल?
खालच्याला उणे अठरा लागतं,
पण खालच्याला कुणी विचारतच नाही."
"त्याला स्वतःची नाडी नाही?"
"महागड्यांना असते."

"म्हणजे याला ऊब द्यायची? गार व्हावा म्हणून?"
त्या हसल्या. पहिल्यांदाच.
"हो. नाहीतर पुन्हा आत न्या."
त्यांनी खाटेकडे पाहिलं.
मी सायकलकडे.

आतला बल्ब जुना, तारेचा, पंधरा वॅटचा.
नशीब, कुणी एलईडी लावला नव्हता, तो तापत नाही.
दार मिटलं की दिवा विझवणारी छोटी कळ
मी चिकटपट्टीने बांधून टाकली.
लहानपणी सगळेच विचारतात, दार लावल्यावर आत दिवा असतो का?
आता होता.

पाऊण तास गेला. तेवढ्यात रबराच्या घड्यांतली काळी बुरशी
कोमट पाणी आणि सोड्याने पुसून काढली,
पुढचे पाय अर्धा आटा वर घेतले,
म्हणजे दार आपलं आपण मिटेल.
मग घुर्र झालं.
पेल्यातलं पाणी थरथरलं.
त्सिउरीबाईंनी फ्रीजवर हात ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"मार्चमध्ये पट्टी काढा, नाहीतर उगाच वीज जळेल.
आणि हा गोळा परत गोठवू नका."
"तीनशे होते हो."
"उकडा, चव घेऊ नका, टाका. किंवा न उकडताच टाका."
त्यांनी कॅलेंडरवर मार्चच्या चौकटीत
पेन्सिलीने दिवा काढला.

खाली उतरायला नाणं उरलं नव्हतं.
जिना धरला. सातव्या मजल्यावर असताना
वरून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, फरशीवर, जड.
खाट असेल.
सायकल एवढी वाजत नाही.