एकशे त्रेसष्ट पायऱ्या

दर मंगळवारी नर्स ग्रासिएला विचारते,
शून्य ते दहामध्ये आज थकवा किती?
आई खुर्चीच्या कडेला टेकलेली असते
पर्सचा बंद मुठीत धरून.
मी म्हणतो, चार.

चार म्हणजे
परतताना बसमध्ये आईचा डोळा लागू शकतो.
एवढाच त्याचा अर्थ.

दमणं मला माहीत होतं.
फुटबॉलनंतरचं, घशात धूळ, पोटऱ्यांत गोळे,
आणि घोटभर पाणी प्यालं की परत मैदानात.
ते मी कमावलेलं असायचं.
हे कुणीतरी आणून टाकलंय अंगात
ओल्या वाळूच्या पोत्यासारखं.
मी झोपलो की तेही झोपतं,
आणि माझ्याआधी उठतं.

दात घासायचे तर आधी मनाची तयारी.
ब्रौलियोचा मेसेज तीन दिवस तसाच,
कारण उत्तर दिलं की तो पुन्हा काहीतरी विचारणार.
सगळे म्हणतात, आराम कर.
आरामानंच तर दमलोय.

आमचं घर वाल्पाराइसोच्या एका टेकडीवर,
रस्ता संपतो तिथून एकशे त्रेसष्ट पायऱ्या वर.
रुळांवरून चढणारी डबागाडी कधीची बंद,
दुरुस्तीची पाटीसुद्धा गंजली.
मागच्या वर्षी ह्याच पायऱ्या
मी गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन चढायचो,
सिलिंडरमागे हजार पेसो.

तिसऱ्या केमोनंतर अनीबालमामा वाकला,
म्हणाला, बस पाठीवर.
पंधरा वर्षांचा मी.
अख्खा जिना बघत होता,
वाळत घातलेल्या चादरी, दोन कुत्रे,
आणि खिडकीत कोन्स्तान्सा,
जिच्यासाठी एकदा मी मुद्दाम हळू चढलो होतो.
हात लावू नकोस, म्हणालो,
आणि बाविसाव्या पायरीवर बसलो.
गारठा हाडांत चढेपर्यंत बसलो.
कुणी काही बोललं नाही.

पुढच्या खेपेला
बाविसाव्या पायरीशी, भिंतीला लावून, एक खुर्ची.
स्वयंपाकघरातली, पिवळ्या रेक्झिनची,
एक पाय सुतळीनं बांधलेला.
मी तिच्याकडे न बघता पुढे गेलो.
इतका राग आला की त्या रागावरच
एकोणीस पायऱ्या चढलो.
एकेचाळिसाव्यावर दुसरी.
सदुसष्टाव्यावर तिसरी, तिच्यात मांजर.
हुसकायचं त्राण नव्हतं, तसाच उभा राहिलो,
मग मांजरच सरकलं थोडं.

एकाही खुर्चीजवळ माणूस नाही.
दारं लोटलेली,
पडद्यांआड भांड्यांचे आवाज
नेहमीपेक्षा जरा जास्तच मोठे.
आई दोन पायऱ्या खाली,
मोबाइल बंद पडलेला, तरी त्यात बघत.
खाली बंदरात लाल क्रेन कंटेनर उचलत होती,
अर्ध्यावर थांबत होती,
कोणी तिला विचारत नव्हतं
काय झालं.

एकशे अठराव्यावरची बालवाडीतली, इवलीशी.
बसलो तर गुडघे हनुवटीला.
हसायलाही ताकद लागते,
हसलो, आणि मग बराच वेळ
तिथून उठताच आलं नाही.

आज मंगळवार.
शून्य ते दहा, ग्रासिएला विचारते.
एकशे अठरा, मी म्हणतो.
तिचं पेन थांबतं,
चौकटीत दोनच आकडे मावतात.
आई पर्सचा बंद सोडते,
पहिल्यांदाच मागे टेकून बसते,
आणि म्हणते,
त्याच्यावर अजून पंचेचाळीस राहतात.