एकशे सदतिसावं झाड

सोलापुरात, भर मे महिन्यात,
मी एकशे छत्तीस झाडं उभी केली.
एकालाही पाणी लागलं नाही.
उभी कसली, लोंबती:
बुंधा वर, पानं खाली,
आणि पानांच्या जागी शब्द.

हत्तुरे मॅडमचं पुस्तक आहे
आमच्या पेठेतल्या बोलण्यावर.
त्या वाक्यं पाठवतात साध्या अक्षरांत, कंसात कंस,
(वाक्य (कोण मी) (काय (कुठं गिरणीवर) (क्रिया जायलोय)))
आई डब्यात डबी ठेवायची
आणि आतल्या डबीत लवंगा,
तसं.

आधी मी माऊसनं रेघा ओढायची.
एका वाक्याला पाऊण तास.
मॅडमनी एक शब्द बदलला
की सगळ्या फांद्या पुन्हा.
नवव्या झाडाला कंटाळले, स्क्रिप्ट लिहिली.
कंस उघडला, पायरी उतर.
कंस मिटला, वर ये.
एवढंच तर आहे, म्हटलं.

एवढंच नव्हतं. वेलांटी होती.
‘ठिवलीस’ला स्क्रिप्ट सहा मोजायची,
डोळ्याला दिसायची चार,
आणि त्या दोनच्या फरकानं
शेजारची फांदी लांब जाऊन बसायची
रुसलेल्या जावेसारखी.
दोन रात्री गेल्या त्यात.
पंखा होता, वीज नव्हती,
मग वीज आली तेव्हा कूलरमधलं पाणी संपलेलं.

त्यानंतर मात्र सरसर.
फाइल द्यायची, एंटर दाबायचं,
चहा ओतेपर्यंत पंचवीस झाडं छापायला तयार,
फांद्या सारख्या, कोन सारखे.
मला गर्व झाला होता, खोटं कशाला सांगू.

मग राजमणी येमूल, बिडी कामगार, वय अडुसष्ट.
मॅडम तिला लग्नातल्या रीती विचारत होत्या,
ती मध्येच आत वळून ओरडली सुनेला:
चादर कुठं ठिवलीस गं, ती निळी?

चूक. ओळ एकशे सदतीस. फांद्या छेदतात.
हा संदेश मीच लिहिलेला.
येईल असं वाटलं नव्हतं.

‘ती निळी’ चादरीची.
पण चादर वाक्याच्या तोंडाशी,
ही शेपटाला,
आणि मधल्या ‘कुठं ठिवलीस’वरून गेल्याशिवाय
तिला घरी जाता येत नाही.

मॅडम फोनवर म्हणाल्या, उचल आणि शेजारी ठेव,
अर्थ काही बदलत नाही.
मी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं.
‘ठिवलीस गं’ आणि ‘ती’ यांच्या मध्ये
एक बिडी वळून होते,
दोरा बांधल्याचा आवाजसुद्धा येतो.
तेवढ्यात तिला आठवलं असणार
की घरात चादरी सतरा आहेत,
सगळ्या कारखान्यातल्या, डागी म्हणून स्वस्तात आणलेल्या.
हे मी उचलून कुठं ठेवू?

अकरा ओळी वाढवल्या.
तुटक रेघ, वरून जाणारी.
पान छापलं, वाळत ठेवल्यासारखं खाटेवर टाकलं.

नायनानं उचललं.
छत्तीस वर्षं मागावर, वाचायला कमी येतं.
त्यानं शब्द सोडले, रेघांवरून बोट फिरवलं,
छेद आला तिथं थांबला.
एमैंदी, चुकलंय का, मी विचारलं.
तो म्हणाला, हा धागा वरून गेलाय
की खालून?

कागदावर वर-खाली नसतं नायना.
मग सुटंल की, तो म्हणाला, आणि पान ठेवून
गल्लीत पाण्याचा टँकर आला का बघायला गेला.

रात्री मी बारावी ओळ लिहिली:
छेद येईल तिथं खालची रेघ
केसाएवढी तोड.
आता दिसतं, कोण कुणावरून गेलं ते.

मॅडमना ही ओळ सांगितलेली नाही.
त्यांनी छपाईत विचारलं तर सांगेन.

निळी चादर सापडली का
ते रेकॉर्डिंगमध्ये नाही.
सून काहीतरी बोलते, तेलुगूत, लांबून,
तिचं झाड अजून करायचंय.