गळ

ते पुकेच्या शेडमध्ये किवीचे खोके रचताना
म्हाताऱ्या विरेमूनं विचारलं होतं:
तुझा डोंगर कोणता? नदी कोणती?
तुझे लोक कोणत्या होडीतून आले?
माझं नाव त्यानं विचारलं सगळ्यात शेवटी.

कचारगड सांगितला. वाघ नदी सांगितली.
होडीपाशी अडलो.

निघताना त्यानं गळ्यातला गळ काढून दिला,
हिरव्या दगडाचा, अजून त्याच्या अंगाचा उबारा असलेला.
हा स्वतःसाठी घ्यायचा नसतो, म्हणाला,
कुणीतरी द्यावा लागतो.

आता सालेकशाच्या अलीकडे, मोहाखाली,
मैनी ओझीण तो उलटासुलटा करून पाहते.
हिनं तीन गावांच्या पोटऱ्या गोंदल्यात
काजळी, तेल आणि तीन सुयांनी.
"मासोरी धराचा होय," म्हणते.

फोनवर मी दाखवतो
नेच्याचं अजून न उलगडलेलं पान,
मग विरेमूच्या बायकोची गोंदलेली हनुवटी.
ती फोन स्वतःच्या हनुवटीशी नेते,
तिथले तीन ठिपके फिकटलेत.
"कोनाची पोरगी होय हे?"
समुद्रापल्याडची.
"असू दे. तिचं बी संगं जाईन.
सोनं त लोक काढून घेतेत."

मी विचारतो, आजी, आपण कोणत्या डोंग्यातून आलो?
ती हसते, खोकते, पुन्हा हसते.
"डोंगा कायचा? गुफेत कोंडले होते आपले.
धोंडा सरकवाले बाहेरून कोनी तरी लागलं."

गळ तिनं कनवटीला खोचला.
देतोस का, विचारलं नाही.
"मनगट धुऊन ये," म्हणाली,
आणि सुया शोधायला आत गेली.