उपाशी कोपरा

चादरींच्या गावात राहून
गोधडी शिवायला घेतली म्हटल्यावर
अंबादास काही बोलला नाही.
डबा उचलला, रात्रपाळीला गेला.
बारा तास त्याच्या मागावर मोर उतरत असतात,
एकासारखा एक,
आणि घरात त्याचीच पोरं चिंध्यांखाली निजणार.

पण कोरी चादर वेणूच्या गालाला टोचते.
दोन धुण्यांत मऊ पडते, हा म्हणतो.
दोन धुण्यांपर्यंत थंडी थांबते होय?
विडी घरकुलात ती येते
गड्ड्याचे पाळणे उभे राहताना
आणि पाळणे उतरले की जाते.
मग आहेच पत्र्याखाली भट्टी.

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यातून
किलोवर मिळणारे काप आणले, अडीच किलो.
काठ तेवढे रंगीत, बाकी सगळं पांढरं.
आत घालायला लावण्याचे बालवाडीचे दोन फ्रॉक,
एक लुंगी,
आणि माझी ती अबोली साडी
जिच्यावर पहिल्याच दिवशी रस्सा सांडला होता.

मापाला विड्या बांधायचं सूत घेतलं.
लावण्या सरळ झोपते, एका गाठीत मावली.
वेणू झोपतो मुटकुळं करून.
आता माप कुणाचं धरायचं,
पोराचं की मुटकुळ्याचं?
पाय ओढून बघितला. झोपेतच लाथ मारली.
मग अंदाजानं वीतभर जास्त.

हजार विड्या झाल्या की
साबणानं तीनदा हात धुवायचे,
नखांतून काडीनं तंबाखू काढायची,
आणि मगच सुई.
तरी लावण्या नाक लावून म्हणालीच,
अम्मा, हिला तुझा वास येतोय.
कुठला, ते मी विचारलं नाही.

शेजारची भौरव्वा हिला कौदी म्हणते.
सासूबाई बोंत म्हणतात.
लावण्याच्या बाईंनी फळ्यावर गोधडी लिहून दिलं.
तीन नावं ठेवून झाली
तेव्हा माझी दुसरी कडसुद्धा पुरी नव्हती.

शेवटचा कोपरा राहिला तशी भौरव्वा म्हणाली,
“पोटात घास घाल गं तिच्या.
उपाशी कौदी लेकरांना झोपू देत नाही.”
मी कडक भाकरीचा तुकडा घातला, नखाएवढा,
आणि टाके घालून मिटवलं.
वेणू बघत होता.
त्याला तो घास फारच कमी वाटला असणार.

तिसऱ्या रात्री दोघंही रडत उठले.
दिवा लावला तर
कोपऱ्यापासून लावण्याच्या मानेपर्यंत
लाल मुंग्यांची रांग.
टाक्यांच्या फटीतून त्यानं एक एक करून
चार ग्लुकोज बिस्किटं भरवली होती.
“तिला भूक लागली होती,” म्हणाला,
आणि माझ्याआधी स्वतःच रडायला लागला.

मारायला उचललेला हात
तसाच मानेवरच्या मुंग्या झटकत राहिला.

मग दाराशी बसून उसवलं.
भुगा झाडला. सुईत दोरा ओवला, तुटला.
ओवला, परत तुटला.
पाचच्या सुमाराला अंबादास आला,
भुवयांवर, कानांवर कापसाची पांढरी लव.
माझ्या हातातून दोन्ही टोकं घेतली,
न बघता अंगठ्यावर फिरवली
आणि मागावर मारतो ती गाठ मारली.
बोट फिरवलं तर लागेना, कुठे आहे ती.
“दोरा ओढतेस फार,” एवढंच म्हणाला.

चहा टाकून आले तर
हा पोरांच्या मधे शिरून झोपलेला,
त्यांचीच गोधडी छातीपर्यंत ओढून,
नडग्यांपासून खाली सगळा उघडा.
अडीच किलोत एवढंच होतं.

कोपरा अजून शिवलेला नाही.
पुढच्या गड्ड्यापर्यंत वेणू वाढेल,
तेव्हा तिथूनच जोड द्यावा म्हणते.
भौरव्वा विचारते, घास घातलास का परत?
घालेन.

सध्या वेणू जागा झालाय
आणि बापाच्या अंगावरून हात लांब करून
त्या भोकात बोटं घालून बघतोय,
काही उरलंय का.